जावा डेव्हलपर हवा, ठिकाण पुणे: चार प्रकारच्या जाहिराती शेजारी ठेवून

‘जावा, स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस, काफ्का, एडब्ल्यूएस, अनुभव ३ ते ६ वर्षं, ठिकाण पुणे.’ नोकरीच्या कुठल्याही पोर्टलवर एवढं टाकलं की ढीगभर जाहिराती येतात आणि पहिल्या दहा ओळी सगळ्यांच्या सारख्याच असतात. मग निवड उरते कंपनीच्या नावावर आणि सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर. दोन्ही अपुरे. तंत्रज्ञानाची यादी तर सर्वांत कमी सांगते, कारण ती बऱ्याचदा जुन्या जाहिरातीतून उचललेली असते. शोधायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत: तुम्ही कोणाच्या पेरोलवर (म्हणजे पगार कोण देणार), काम कोणाचं, आणि सोडायची वेळ आली तर किती दिवसांत सुटका.

हे काम देणारे ढोबळमानाने चार. एक, मोठी सर्व्हिस कंपनी, जी तुम्हाला क्लायंटच्या प्रोजेक्टवर लावते. दोन, स्वतःचं प्रॉडक्ट असलेली कंपनी किंवा परदेशी बँकेचं, वाहन उत्पादकाचं इथलं केंद्र, ज्याला हल्ली सगळे जीसीसी म्हणतात. तीन, वीस-पन्नास माणसांची छोटी स्थानिक कंपनी. चार, थर्ड पार्टी पेरोल: बसायचं मोठ्या कंपनीत, पगार मात्र मधल्या कंपनीकडून.

मजकुरातल्या खुणा

ठिकाणाच्या रकान्यात ‘पुणे / बंगळूर / हैदराबाद / चेन्नई’ असं एका दमात लिहिलं असेल तर ती बहुधा सर्व्हिस कंपनीची घाऊक भरती. अनुभव ‘३ ते १२ वर्षं’ असेल तर त्यामागे एक ठरलेली जागा क्वचितच असते, रेझ्युमे गोळा करून ठेवायचं काम चाललेलं असतं. जीसीसीच्या जाहिरातीत सहसा टीमचं किंवा उत्पादनाचं नाव, मॅनेजर कुठे बसतो, आठवड्यातून किती दिवस ऑफिस हे असतं आणि एक जॉब आयडीही असतो. तो आयडी कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवर टाकून बघा. तिथे जागा दिसत नसेल तर ती भरली गेली आहे, किंवा मधल्या कोणीतरी जुनी जाहिरात पुन्हा चढवली आहे.

‘अवर क्लायंट, अ लीडिंग एमएनसी’ अशी सुरुवात असली की जाहिरात कन्सल्टन्सीची. त्यातच ‘ओन्ली इमिजिएट जॉइनर्स’ आणि ‘ड्युरेशन ६ महिने, एक्स्टेंडेबल’ असेल तर चौथा प्रकार नक्की. एवढी घाई असते कारण क्लायंटने जागा मोकळी केली आहे आणि ती भरेपर्यंत मधल्या कंपनीचं बिलिंग सुरू होत नाही. ‘सीटूएच’ म्हणजे कॉन्ट्रॅक्ट टू हायर लिहिलेलं असलं तरी ‘पुढे कायम करू’ हे वाक्य ऑफर लेटरमध्ये कोणत्या अटीवर आहे ते बघा. बहुतेक वेळा ते नुसतं फोनवर असतं.

आणखी एक खूण नजरेतून सुटते. शीर्षक ‘जावा डेव्हलपर’, पण खाली ‘एल २’, ‘इन्सिडंट’, ‘एसएलए’, ‘रोटेशनल शिफ्ट’ हे शब्द. हे काम सपोर्टचं आहे, म्हणजे चालू सिस्टिममधल्या तक्रारी सोडवायचं. त्यात वाईट काही नाही, पण दोन वर्षांनी पुढच्या मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः कोणती सर्व्हिस लिहिली?’ या प्रश्नावर गाडी अडते.

१२ लाख आणि ११ लाख

एकाच उमेदवाराला दोन ऑफर आल्या असं धरू. आकडे उदाहरणाचे आहेत, रचना मात्र नेहमीची.

पहिली सर्व्हिस कंपनीची, सीटीसी १२,००,०००. त्यात व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त मिळू शकणारा भाग, १,२०,०००. बेसिक वर्षाला ६,००,०००. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी ७२,०००, ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी २८,८६०, ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता १२,०००. हे सगळं सीटीसीच्या पोटातच. वजा करून उरतात ९,६७,१४०, म्हणजे महिन्याला ८०,५९५. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ७४,३९५.

दुसरी ११,००,००० ची. व्हेरिएबल नाही, ग्रॅच्युइटी आणि मेडिक्लेम सीटीसीबाहेर, पीएफ १५,००० च्या वैधानिक मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी १,८००. कंपनीचे २१,६०० वजा करून महिन्याला ८९,८६७, आणि हातात ८७,८६७. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासूनच्या नव्या कररचनेत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत पगारावर कर लागत नाही, त्यामुळे इथे दोघांनाही आयकर शून्य.

म्हणजे लाखभर कमी सीटीसीची ऑफर महिन्याला १३,४७२ रुपये जास्त देते. इथेच थांबून ‘दुसरीच घे’ सांगणारे पुष्कळ भेटतील, पण हिशेब अजून अर्धाच झाला आहे. पहिल्या ऑफरमध्ये पीएफ खात्यात दरमहा १२,००० पडतात, दुसऱ्यात ३,६००. ते पैसे बुडालेले नाहीत, लांब ठेवलेले आहेत (कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, तेवढे सोडून). पीएफ धरून पहिलीचे ८६,३९५ आणि दुसरीचे ९१,४६७. फरक उरला ५,०७२, वर्षाचे जवळपास ६१,०००. पहिलीचं व्हेरिएबल १,२०,००० आहे, तेव्हा ते निम्म्याहून थोडं जास्त मिळालं तरी पहिली ऑफर बरोबरीत येते. ग्रॅच्युइटी मी या तुलनेत धरलेलीच नाही, कारण कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षांनंतर मिळते आणि या वयात एका जागी पाच वर्षं टिकणारे कमी.

तेव्हा एचआरला विचारायचा नेमका प्रश्न हा: ‘या ग्रेडला गेल्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के मिळालं, आणि ते तिमाही देता की वर्षाअखेरीस?’ वर्षाअखेरीस देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी, देण्याच्या तारखेला तुम्ही नोटीस पिरियडवर असाल तर ते मिळत नाही. ‘कंपनी पॉलिसीनुसार’ एवढंच उत्तर आलं तर हिशेबात शून्य धरा.

बेसिकबद्दलही सांगायला हवं. पूर्वी बेसिक ३०-३५ टक्के ठेवून बाकी भत्ते दाखवायची पद्धत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे कमी बेसिकची जुनी रचना दाखवणारं पगाराचं ब्रेकअप (घटकवार फोड) आलं तर ग्रॅच्युइटी कशावर मोजली आहे ते विचारून घ्या.

जॉइनिंग बोनस वेगळाच प्रकार. तो टीडीएस कापून हातात येतो, पण १२ महिन्यांच्या आत सोडलं तर वसुली पूर्ण रकमेची, कापलेल्या करासकट. कलमात ‘ग्रॉस’ लिहिलंय का बघा. हा बोनस पगारवाढीसारखा मोजून ऑफरची तुलना करू नका, पुढच्या वर्षी तो नसतो.

कॉन्ट्रॅक्टचा महिना

थर्ड पार्टीत दोन उपप्रकार आहेत आणि जाहिरात ते मुद्दाम मोघम ठेवते. एकात तुम्ही मधल्या कंपनीचे कर्मचारी असता: पगाराची स्लिप, पीएफ, रजा, सगळं असतं. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ग्रॅच्युइटीही एका वर्षानंतर लागू होते. दुसऱ्यात तुम्ही ‘कन्सल्टंट’ म्हणून इन्व्हॉइस लावता: १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात, पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, भरपगारी रजा नाही. वर्षाची बिलं २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणीही आली.

दुसऱ्यात ‘महिना एक लाख’ ऐकून हुरळून जायचं कारण नाही. बिल दिवसावर असेल तर १० सार्वजनिक सुट्या आणि १२ रजा मिळून २२ दिवस बिनपैशाचे, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण महिना. स्वतःचा मेडिक्लेम आणि दोन कॉन्ट्रॅक्टमधला रिकामा काळ त्याशिवाय. कायम नोकरीच्या हातातल्या पगारापेक्षा निदान ३० टक्के जास्त मिळत नसेल तर हा सौदा बसत नाही, असा माझा ठोकताळा.

इथला नेहमीचा गोंधळ म्हणजे डुप्लिकेट सबमिशन. एकाच क्लायंटची एकच जागा चार-पाच व्हेंडरकडे, म्हणजे मधल्या कंपन्यांकडे, असते. तुम्ही चौघांना रेझ्युमे दिला आणि दोघांनी तो क्लायंटच्या पोर्टलवर चढवला, की क्लायंट भांडणात न पडता प्रोफाइल बाजूला टाकतो. म्हणून क्लायंटचं नाव कळल्याशिवाय ‘हो, पाठवा’ म्हणायचं नाही. कोणाला, कोणत्या क्लायंटसाठी, कोणत्या तारखेला होकार दिला ते एका ओळीच्या ईमेलवर ठेवायचं.

सुटायला किती दिवस

मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आहे. छोट्या आणि प्रॉडक्ट कंपन्यांत ३० ते ६०. गंमत अशी की ९० दिवस लावणाऱ्याच कंपन्या जाहिरातीत ‘३० दिवसांत जॉइन होणारे हवेत’ लिहितात. आज सही केलेले ९० दिवस पुढच्या वेळी नोकरी बदलताना अर्ध्या जाहिराती बाद करतात. म्हणून बायआऊट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटायची सोय) आहे का, ते कंपनीच्या मर्जीवर की तुमच्या हक्काने, आणि रक्कम बेसिकवर मोजणार की ग्रॉसवर, हे सहीआधी विचारा. आमच्या वरच्या उदाहरणातल्या पहिल्या ऑफरमध्ये बेसिकवर ६० दिवसांचे लाखभर होतात, ग्रॉसवर १.६१ लाख.

बाँडबद्दल, म्हणजे नोकरी सोडण्यावर बंधन घालणाऱ्या कराराबद्दल, व्हॉट्सअॅपवर ‘कोर्टात टिकत नाही’ असं बिनधास्त फिरतं. अर्धसत्य आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, हे बंधन करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण ठरलेला काळ नोकरी केली नाही तर ठरलेली भरपाई, हे वेगळं. विजया बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाखांची अट वैध ठरवली. छोट्या शहरांत फ्रेशरकडून मूळ मार्कशीट किंवा कोरा चेक मागतात, तिथे मात्र वाटाघाट करत बसू नये. ‘ट्रेन अँड डिप्लॉय’च्या (आधी शिकवू, मग कामावर लावू) नावाखाली आधी पैसे मागणारी जाहिरात नोकरीची नसून क्लासची असते.

छोटी कंपनी तपासायची कशी

मोठ्यांची माहिती चहाच्या टपरीवरही मिळते. प्रश्न छोट्यांचा, आणि त्यांच्याबद्दल दोन सरकारी नोंदी घरबसल्या बघता येतात.

पहिली कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीतला ओळख क्रमांक. २१ खुणांचा हा क्रमांक ऑफर लेटरच्या तळाशी असायला हवा. सुरुवातीचं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच आकडे व्यवसायाचा प्रकार, मग राज्याची दोन अक्षरं (आपल्याकडे ‘एमएच’), मग स्थापनेचं वर्ष. ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये २०२३ दिसलं तर कारण विचारा; मालकीची फर्म नंतर प्रायव्हेट लिमिटेड झाली असेल तर ते चालण्यासारखं आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा भरला आहे तेही दिसतं.

दुसरी अधिक बोलकी. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ आहे. कंपनीचं नाव टाकलं की तिचे पीएफचे मासिक भरणे दिसतात: कोणत्या महिन्याचे, कधी भरले, किती रक्कम, किती कर्मचाऱ्यांचे. मागच्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. कर्मचारी ४८, ४५, ३९, ३१ असे उतरत असतील आणि भरणे दोन-दोन महिने उशिरा असतील, तर एचआर ‘आम्ही झपाट्याने वाढतोय’ म्हणत असली तरी पगारही तसाच येईल असं समजा. नावच सापडलं नाही तर दोन शक्यता: माणसं वीसपेक्षा कमी आहेत म्हणून पीएफ लागू नाही, किंवा पगार दुसऱ्या नावाने निघतो. पेरोलवाल्यांनाही हीच चाळणी लावा, मधल्या कंपनीचं नाव टाकून.

ठिकाणाबद्दल थोडक्यात: हिंजवडी फेज ३ आणि खराडी, दोन्हींच्या जाहिरातीत ‘पुणे’च लिहितात, आणि ती शहराची दोन टोकं आहेत. हडपसरला राहणाऱ्याने फेज ३ ची पाच दिवस ऑफिसवाली नोकरी घेताना घरभाडं बदलणार हे हिशेबात धरावं. सर्व्हिस कंपनीत ‘क्लायंट लोकेशन’ हा शब्द असेल तर आजचं ठिकाण उद्या टिकेलच असं नाही.

कोणी काय घ्यावं

तीन वर्षांच्या आतला अनुभव आणि कोड लिहायची भूक असेल तर पीएफ नियमित भरणारी छोटी कंपनी सर्व्हिस कंपनीच्या बेंचपेक्षा (प्रोजेक्ट मिळेपर्यंत नुसतं बसून राहण्यापेक्षा) बरी. तिथे महिन्याभरात प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सिस्टिमला, हात लागतो, फक्त शिकवणारा एखादा सीनियर आहे ना हे मुलाखतीतच बघून घ्या. गृहकर्ज काढायचंय, घरात एकच पगार आहे, तर जीसीसी किंवा मोठी सर्व्हिस कंपनी. बँका कर्ज देताना मालकाचं नाव बघतात हे वास्तव आहे. परदेशी प्रोजेक्टची आशा असेल तरी सर्व्हिस, पण आशेला तारीख नसते. कॉन्ट्रॅक्ट त्याने घ्यावं ज्याच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि मेडिक्लेम जोडीदाराच्या नोकरीतून मिळतोय.

सर्व्हिस कंपनीत कंपनीच्या फेऱ्यांनंतर क्लायंटचीही फेरी असेल, तर ऑफर लेटर आधी की नंतर हे स्पष्ट करून घ्या. आधी मिळालं आणि क्लायंटने नाकारलं तर तुम्ही बेंचवर जाता, आणि बेंचवर किती दिवस ठेवतात याचं उत्तर लेखी मागा. ईमेलवर पगाराचं ब्रेकअप, पेरोलचं नाव, ठिकाण, नोटीस आणि जॉइनिंगची तारीख या पाच गोष्टी आल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनामा टाकू नका. ‘एलओआय’ (लेटर ऑफ इंटेंट) म्हणून जे पाठवतात ते ऑफर लेटर नव्हे. त्यावर तारीख असते, बांधिलकी नसते.