कानाचं मशीन: मुंबईहून आणायचं, जवळच्या शहरात घ्यायचं की सरकारी शिबिरातून?

गणपतीला चाकरमानी घरी येतो, टीव्हीचा आवाज खळ्यात उभं राहून ऐकू येतो, आई विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देते, आणि विसर्जनाच्या आत घरात ठरतं की आईला मशीन घ्यायचं. लगेच बोलणं किमतीवर येतं. १५ हजारांचं की ६० हजारांचं, कानात जाणारं की मागे बसणारं, या कंपनीचं की त्या. मी कंपनी सगळ्यात शेवटी ठेवीन. कोकणात राहणाऱ्या माणसासाठी दोन गोष्टी त्याहून मोठ्या आहेत: मशीन पुन्हा पुन्हा जुळवून देणारा ऑडिओलॉजिस्ट घरापासून किती लांब आहे, आणि पावसाळ्यात ते कोरडं कसं राहणार.

आधी तपासणीचा कागद

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, हातात नसेल तर तुलना कशाशी करणार? आणि त्याच्याही आधी ईएनटी डॉक्टरांनी कानात डोकावलेलं हवं. जून ते सप्टेंबर कानात बुरशी होणं आपल्याकडे नेहमीचं. मळ फुगून कान बंद होतो तोही याच दिवसांत, आणि मळ काढल्यावर निम्मी तक्रार गेली अशी माणसं कमी नाहीत. कोमट खोबरेल ओतायची सवय मात्र सोडायला हवी. पडद्याला भोक असेल तर ते तेल सरळ मधल्या कानात उतरतं.

ऑडिओमेट्री आवाजबंद खोलीत होते. हेडफोनमधून २५० ते ८००० हर्ट्झचे सूर बारीक बारीक करत ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. मग कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवून तेच पुन्हा. ही दुसरी फेरी गाळली तर तपासणी अर्धीच झाली. हवेतून ऐकू येत नाही पण हाडातून येतं, म्हणजे अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात: पडदा, आतली बारीक हाडं, साठलेलं पाणी. त्यातलं बरंचसं औषधाने नाहीतर शस्त्रक्रियेने सुधारतं. दोन्ही वाटांनी सारखंच कमी येत असेल तर दोष आतल्या कानात किंवा नसेत, आणि मशीनचा विषय बहुतेकदा तिथे सुरू होतो. दोन कानांत फार फरक असला की चांगल्या कानात सळसळ सोडून तो गुंतवून ठेवावा लागतो, नाहीतर तोच वाईट कानाच्या वतीने बटण दाबतो. ‘मोफत तपासणी’चा बोर्ड लावलेल्या ठिकाणी जाणार असाल तर जा, पण खोली खरोखर बंद आहे का आणि हाडावरची फेरी झाली का, एवढं बघा. इंपिडन्स चाचणी पडद्याची हालचाल आणि मागचा दाब सांगते. बटण दाबू न शकणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी ओएई आणि बेरा या चाचण्या असतात; त्यात कानाचा आणि नसेचा प्रतिसाद यंत्रच टिपतं.

कागदावर लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. वयाच्या बहिरेपणात ती डावीकडे बरी असते आणि उजवीकडे घसरत जाते. उजवी बाजू म्हणजे वरचे सूर; स, श, फ, थ यांचा आवाज तिथे असतो. म्हणून सातची एसटी आठची होते, आणि आजी म्हणते, ‘आयकाक येता, पण काय बोलतत ता कळना नाय.’ घरच्यांना वाटतं की ती सोयीचं तेवढंच ऐकते. ती मात्र आपल्या ऑडिओग्रामचं अगदी अचूक वर्णन करत असते. ओरडून बोललं तर स्वर मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात.

ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी किंवा चिरेखाणीत कटिंग मशीनवर वर्षं काढलेल्यांच्या कागदावर ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो. ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही मर्यादा मानतात, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ती वेळ निम्मी होते. अशा माणसाला कामावर कान झाकायला इअरमफ लागतो. मशीन घालून इंजिनाजवळ बसणं म्हणजे उरलेला कानही घालवणं.

शब्दांची चाचणी अनेक ठिकाणी उरकून टाकतात. ती मागून घ्या. आरामात ऐकू येईल एवढ्या आवाजात मराठी शब्द म्हणतात आणि किती बरोबर परत म्हणता आले ते मोजतात. ९० टक्के जमले तर मशीन चांगलं काम करेल. ४० टक्केच जमले तर कुठलंही मशीन, अगदी दोन लाखांचंसुद्धा, सगळं बोलणं सोडवून देणार नाही. हे पैसे भरण्याआधी घरात सगळ्यांना माहीत असावं, नंतरची भांडणं वाचतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात चांगल्या कानाची सरासरी २० ते ३५ डेसिबल म्हणजे सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र. सौम्य असेल आणि त्या माणसाचं काही अडत नसेल तर मी वर्षभर थांबून पुन्हा तपासणी करेन. मध्यमपासून मशीनचा खरा उपयोग. ८० च्या पुढे मशीनने भागेनासं झालं तर कॉक्लियर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राची, चौकशी करावी. विकणारे हल्ली स्मृतिभ्रंशाची भीती घालतात, म्हणून सांगतो: २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ९७७ ज्येष्ठांच्या अमेरिकी अभ्यासात, तीन वर्षांत, सगळ्या गटाचा मिळून काही फरक दिसला नाही, ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. मशीन घ्यायला हे एक कारण होऊ शकतं. घाबरून उद्याच घ्यायचं कारण नाही.

कधी घेऊ नये

कान वाहत असेल तर आधी तो कोरडा व्हायला हवा. घट्ट मोल्ड (कानाच्या मापाचा साचा, ज्यातून मशीनचा आवाज कानात जातो) बसवला की वाहणं वाढतं. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर मशीनची गरजच उरली नाही असंही होतं. एकाच कानाचं ऐकणं कमी झालं असेल किंवा एकाच कानात सतत गुणगुण असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतील. तो टाळू नका, नसेवर गाठ नाही ना हे त्यातच कळतं. आणि एका रात्रीत कान गेला तर ‘सर्दीने दडा बसलाय’ म्हणून पाऊस उघडायची वाट बघू नका. ही तातडीची गोष्ट आहे. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन आठवड्यांनंतर तो खूप कमी होतो.

तान्ह्या मुलाचं गणित वेगळं. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. तिथे ‘थोडा उशिरा बोलेल’ हा सल्ला कोणाचाही ऐकू नये.

कुठून घ्यायचं

सरकारी वाट सगळ्यांना वाटते तशी सरळ नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मशीन मिळतं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर फुकट, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. पण दिव्यांगत्वाचं किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ‘ऐकण्यास कठीण’ या शब्दांचा अर्थ दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल असा आहे. म्हणजे ४५ डेसिबलची तुमची आई, जिला मशीनचा सगळ्यात जास्त फायदा झाला असता, तीच या दारातून परत येणार. तिच्यासाठी राष्ट्रीय वयोश्री योजना बघा: वय ६० च्या पुढे आणि दारिद्र्यरेषेखाली किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतले ३,००० रुपये ६५ च्या पुढच्यांना मिळतात, त्यात चांगलं मशीन येत नाही, पण मोल्ड आणि बरेच महिने सेल निघतात. शिबिरातल्या मशीनची अडचण अशी की एकाच साच्याचं मशीन सगळ्यांना मिळतं आणि त्या दिवसानंतर ते जुळवायला माणूस नसतो. तीव्र बहिरेपणात तरीही ते घ्यावंच. मध्यममध्ये बऱ्याचदा कपाटात जातं.

मुंबईचा मोठा फायदा निदानाचा आहे. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच काम करते आहे, आणि नायर रुग्णालयातही ऑडिओलॉजीचं शिक्षण देणारा विभाग आहे. बेरा, लहान मुलं, इम्प्लांट, गुंतागुंतीचं काही असेल तर कोकणकन्या पकडा, नाहीतर सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय आणि रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूर. पण आजी गावी राहणार आणि मशीन दादरच्या दुकानातलं, हा व्यवहार मला पटत नाही. नवं मशीन पहिल्याच दिवशी बरोबर बसत नाही. सुरुवातीला रोज तास-दोन तास, शांत घरात. महिना-दीड महिन्यात मेंदू त्या आवाजांना सरावतो, आणि त्या काळात दोन-चारदा आवाज कमी-जास्त करून घ्यावा लागतो. भांड्यांचा आवाज टोचतो, स्वतःचं बोलणं हंड्यात बोलल्यासारखं वाटतं, शिट्टी वाजते. हे सगळं पाच-दहा मिनिटांत सुधारता येतं, पण ती मिनिटं रत्नागिरी-चिपळूण-कुडाळला मिळाली तर आजी जाईल. दादरला जाणार नाही. काही कंपन्यांचे ऑडिओलॉजिस्ट मोबाइलवरून दुरून जुळवून देतात. त्यासाठी स्मार्टफोन, तो हाताळणारं कोणीतरी आणि रेंज, तिन्ही घरात लागतात. शेवटच्या गोष्टीबद्दल मी काही बोलत नाही.

म्हणून माझा कौल असा: निदान लागेल तिथे, खरेदी जवळच्या शहरात. समोरचा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट आहे का, विचारा. भिंतीवर कागद लावलेला असतो. नसेल तर नोंदणी क्रमांक मागा. ऑनलाइन मिळणारे हजार-दीड हजारांचे ‘आवाज वाढवणारे’ डबे यात मी धरतच नाही. ते फॅनचा आवाजही तेवढाच वाढवतात, आणि आजीचं पहिलं मत त्यावरच बनतं: मशीन म्हणजे गोंगाट. मग चांगलं आणलं तरी ती हात लावत नाही.

कुठल्या प्रकारचं

खिशातलं वायरवालं मशीन आता जुनाट म्हणून हसण्यावारी नेतात. स्वस्त, बटणं मोठी, आणि पेन्सिल सेल वाडीतल्या कुठल्याही दुकानात मिळतो. बोटं थरथरणाऱ्या, नजर अधू झालेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला ते कधीकधी सगळ्यात बरं. कपड्याची खसखस ऐकू येते हे खरं.

कानामागचं, मोल्डवालं मशीन हा मी बहुतेकांना सांगेन तो पर्याय. एका कानाला ढोबळमानाने १५ ते ३० हजार. ताकद भरपूर, हाताळायला सोपं, दुरुस्ती सोपी. दोष नळीत: दमट हवेत तिच्यात पाण्याचे थेंब जमतात आणि आवाज बंद होतो. छोट्या रबरी फुग्याने फुंकर मारून ते काढायचे, आणि नळी कडक झाली की बदलायची.

त्याहून बारीक, कानात तारेने स्पीकर जाणारं मशीन म्हणजे आरआयसी. ४० हजारांपासून लाखाच्या पुढे. घसरत्या रेघेला हे फार छान बसतं. कान बंद होत नाही म्हणून आपलं बोलणं घुमत नाही. पण स्पीकर मळाच्या वाटेत असतो, जाळी वरचेवर बदलावी लागते, आणि तो बिघडला तर सुटा भाग मागवावा लागतो. पूर्ण कानात जाणारं, न दिसणारं मशीन मात्र किनाऱ्यावर घेऊ नये असं मी स्पष्ट सांगेन. घाम, मळ, ओल सगळं त्याच्याच अंगावर, आणि सेल एवढा चिमुकला की सत्तरीतल्या बोटांना तो धरता येत नाही.

चॅनेल किती, म्हणजे मशीन आवाजाच्या किती पट्ट्या वेगवेगळ्या जुळवतं, यावर विकणारे खूप बोलतात. घर, देवळातलं भजन आणि फोन एवढंच जग असेल तर वरच्या मॉडेलचे पैसे वाया जातात. सभा, बँक, लग्नाचे हॉल रोजचे असतील तर गोंगाट गाळणारं वरचं मॉडेल घ्या. परवडत असेल तर दोन्ही कानांना साधं मशीन हे एका कानाच्या भारी मशीनपेक्षा बरं, कारण आवाज कुठून येतो ते दोन कानांनीच कळतं.

सेल की चार्जिंग

इथे थोडं थांबायला हवं, कारण ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या भागात हाच निर्णय मशीन टिकवतो. झिंक-एअर सेल हवेवर चालतो. पट्टी काढली, दोन-तीन मिनिटं मोकळा ठेवला, मग घातला. १३ नंबरचा, नारिंगी पट्टीचा, साधारण आठवडा-दहा दिवस जातो. ३१२ नंबरचा, तपकिरी पट्टीचा, त्याहून कमी. पट्टी एकदा निघाली की मशीन बंद असलं तरी सेल उतरत राहतो. हवेला भोक ठेवावं लागतं, म्हणजे ओलीलाही वाट मिळते. सेलच्या टोकांवर हिरवट गंज दिसतो तो त्यामुळे. शिवाय हे सेल सहाच्या पट्टीत, शहरातच मिळतात. पावसाळ्याआधी पुरेसे आणून ठेवलेले बरे.

चार्जिंगचं मशीन बंदिस्त असल्याने ओल कमी शिरते, आणि थरथरत्या बोटांना सेल बदलावा लागत नाही. ३-४ तासांच्या चार्जिंगवर दिवस निघतो. पण वादळात वीज दोन दिवस गेली की मशीनही गेलं. ज्या वाडीत तारा पडल्या की आठवडा जातो, तिथे पॉवर बँकेवर चालणारा चार्जर आहे का हे विचारूनच घ्या. बॅटरी चार-पाच वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधी विचारा. आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्याची असते. होडीवर खाऱ्या तुषारात ते घालून जाऊ नये.

दोन्हींसाठी सिलिका जेलची डबी हवीच. रात्री मशीन पुसून, सेलचं दार उघडं ठेवून डबीत. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरायचे. चार्जिंगवाल्यांसाठी वाळवणारा चार्जर मिळतो, थोडा महाग पडतो, पण इथे मी तो घेईन.

विजेचा भरवसा नसलेल्या गावात एकट्या राहणाऱ्या आजीला कानामागचं, १३ नंबरच्या सेलचं. शहरात राहणाऱ्या, बोटं सांधेदुखीने आखडलेल्या आजोबांना चार्जिंगचं. मधल्या कोणालाही, जवळचा ऑडिओलॉजिस्ट ज्या कंपनीचे सुटे भाग ठेवतो त्या कंपनीचं.

पैसे देण्याआधी घरी वापरून बघायला किती दिवस मिळतील आणि परत केलं तर किती कापतील, हे लिहून घ्या. बिलावर प्रत्येक मशीनचा सिरीयल नंबर आणि वॉरंटी असावी, आणि जुळवून देण्याच्या किती फेऱ्या किमतीत धरल्या आहेत तेही. जीएसटी लावलेला दिसला तर विचारा कशावर लावला. श्रवणयंत्रावर तो शून्य आहे.