फिल्टर प्लांटचा गाळ आणि बॅकवॉश: ओढा, तळं, ड्रेनेज की मशीन?

भोर, सासवड, जुन्नर, शिरूर एवढ्या आकाराच्या गावात जलशुद्धीकरण केंद्राचा विषय निघाला की बोलणं नळाला किती वेळ पाणी येतं इथपर्यंतच राहतं. केंद्राच्या मागच्या बाजूने जे पाणी बाहेर पडतं ते कुठे जातं, हे विचारणारे थोडे. तुमच्या नगरपरिषदेत केंद्राची दुरुस्ती किंवा क्षमतावाढ येऊ घातली असेल, तर हा प्रश्न आत्ताच विचारा. एकदा अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळाली की गाळासाठी ना जागा उरते ना पैसा.

हिशेबासाठी चोवीस तास चालणारं पाच एमएलडीचं, म्हणजे रोज 50 लाख लिटरचं केंद्र धरू. त्यातून दोन प्रकारचं सांडपाणी निघतं आणि त्यांची गल्लत केली की पुढचा सगळा निर्णय चुकतो.

पहिलं बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टरची वाळू उलट्या दिशेने पाणी सोडून धुताना निघणारं. एक फिल्टर बेड धुताना दहाएक मिनिटांत पाऊण ते एक लाख लिटर पाणी येतं. गटाराशी उभं राहून बघा: पहिली तीन-चार मिनिटं दाट तपकिरी, मग निवळत जातं आणि शेवटी जवळपास स्वच्छ. दोन बेड रोज एकदा धुतले तर दीड-दोन लाख लिटर, म्हणजे उत्पादनाच्या 3 ते 4 टक्के. दुसरं क्लॅरिफ्लोक्युलेटरच्या (क्लॅरिफायरच्या), म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या, तळाचं. ते पाणी कमी, पण माल खरा त्यातच. तुरटी किंवा पीएसीने (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) धरून ठेवलेली माती पातळ खिरीसारखी बाहेर येते, आणि तिच्यातही 98-99 टक्के पाणीच असतं.

आता ऋतूचं गणित. उन्हाळ्यात धरणाचं पाणी 5 एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आसपास असेल आणि तुरटीचा डोस लिटरला 15 मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला साधारण 60-70 किलो कोरडा गाळ तयार होतो. जुलैत गढूळपणा 100 एनटीयूवर गेला आणि डोस 40 वर नेला की तोच आकडा 700 किलोच्या घरात जातो. दहापट! आणि तोही नेमका पावसात, जेव्हा काहीच वाळत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक पर्यायाची खरी परीक्षा इथे होते, आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकात हीच गोष्ट नसते.

कायदा काय म्हणतो

1974 च्या जल कायद्याचं कलम 24 ओढ्या-नदीत प्रदूषक द्रव्य सोडायला मनाई करतं आणि कलम 25 नुसार असं पाणी सोडण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्यातली औद्योगिक सांडपाण्याची व्याख्या कारखान्यांपुरती नाही. कुठल्याही प्रक्रियेतून निघणारं, घरगुती मैलापाणी सोडून बाकीचं सगळं तिच्यात बसतं. 'आम्ही पाणी शुद्ध करतो, आम्ही कसले प्रदूषक' हा युक्तिवाद म्हणूनच टिकणारा नाही. सर्वसाधारण मानकांनुसार नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात तरंगते घन पदार्थ लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत, पीएच 5.5 ते 9 आणि उरलेलं क्लोरीन 1 मिलिग्रॅमच्या आत हवं. सार्वजनिक ड्रेनेजमध्ये सोडायचं असेल तर घन पदार्थांची मर्यादा 600 आहे. ॲल्युमिनियमसाठी या यादीत मर्यादाच नाही, आणि तुरटीवर चालणाऱ्या केंद्रांच्या बाबतीत ही उणीव मला मोठी वाटते. उदासीन पीएचला ॲल्युमिनियम गाळातच बांधलेलं राहतं खरं, पण पाणी आम्लधर्मी झालं की ते विरघळतं आणि माशांना घातक ठरतं.

ओढ्यात सोडत राहणं

खर्च शून्य, म्हणून हा पर्याय सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला. पावसाळ्यात ओढा तसाही गढूळ असतो, त्यात आपलं काय दिसणार, असं म्हणतात. पण 700 किलो घन पदार्थ 100 मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसवायचे तर 70 लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे केंद्राच्या दिवसभराच्या उत्पादनाहून जास्त. पाणी मिसळून हे प्रकरण मिटत नाही. शिवाय हा गाळ ओढ्याच्या दगडांवर राखाडी थर धरून बसतो आणि तळाशी जगणारं सगळं त्याखाली गुदमरतं. मुळा-मुठा, इंद्रायणी, भीमा यांची आजची अवस्था डोळ्यांसमोर असताना त्यांना मिळणाऱ्या ओढ्यात हे सोडायला मी कुणालाही सुचवणार नाही.

बॅकवॉश परत घेणं

हा मला सगळ्यांत पटलेला पर्याय, पण फक्त बॅकवॉशसाठी. दीड-दोन लाख लिटर वाचतात; माणशी शंभर लिटर धरले तर दीड-दोन हजार लोकांची रोजची गरज. जॅकवेलपासून (धरण-नदीतून पाणी उचलायची विहीर) वर चढवलेल्या पाण्याचं वीजबिल वाचतं ते वेगळंच.

यात मेख अशी की ते पाणी थेट इनलेटला सोडता येत नाही. केंद्रात मिनिटाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी येतं आणि बॅकवॉश त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने येतो. एकदम सोडला तर तुरटीचा डोस कोलमडतो आणि तासाभरात फिल्टरवर गढूळ पाणी चढतं. त्यासाठी दोन लाख लिटरची एक टाकी हवी. तिच्यात पाणी निवळू द्यायचं आणि वरचं पाणी तासाला 8-10 हजार लिटरच्या हिशेबाने, म्हणजे कच्च्या पाण्याच्या 4-5 टक्के, दिवसभर परत घ्यायचं. अमेरिकेत ग्रेट लेक्स भागातल्या राज्यांची एकत्रित मानकं हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात.

जागा महत्त्वाची. पाणी परत यायला हवं ते तुरटी पडते त्याच्या आधी. क्लॅरिफायरनंतर किंवा थेट फिल्टरवर जोडलेली पाइपलाइन मान्य करू नका. फिल्टरने अडवलेले जंतू बॅकवॉशमध्ये एकवटलेले असतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही क्लोरीनला दाद देत नाहीत. अमेरिकेने 2001 साली यासाठी वेगळा नियमच केला: परत घेतलेलं पाणी शुद्धीकरणाच्या सगळ्या टप्प्यांतून गेलंच पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, त्यानंतर पुण्याच्या आसपास कुणाला हे वेगळं पटवून द्यावं लागू नये.

क्लॅरिफायरच्या गाळावरचं पाणी मात्र परत घेऊ नका. गाळ साचून राहिला की त्यातलं मँगनीज सुटतं आणि फेरीच्या पाण्याबरोबर पुन्हा केंद्रात येतं.

गाळ: तळं, बेड की मशीन

वाळवण्याचे बेड, म्हणजे वाळू-खडीच्या थरावर गाळ पसरून खालून पाणी झिरपू देणं, फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तम चालतात. जुलैत निरुपयोगी. म्हणून नुसत्या बेडचा प्रस्ताव आला तर अभियंत्यांना विचारा, पावसाळ्यातले चार महिने गाळ कुठे ठेवणार?

उत्तर आहे गाळाचं तळं. पावसाळ्याची दिवसाची सरासरी 350 किलो धरली तर 120 दिवसांत 42 टन कोरडा गाळ होतो. तळ्यात तो 5 टक्क्यांपर्यंत घट्ट होतो (म्हणजे 5 टक्के कोरडा गाळ, बाकी पाणी) असं मानलं तर साधारण 840 घनमीटर जागा लागेल. दीड मीटर खोलीला साडेपाच गुंठे. अशी दोन तळी: एक यंदा भरायचं, दुसरं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाळू द्यायचं आणि मग रिकामं करायचं. बांध आणि ट्रॅक्टरला उतरायला उतार धरून पंधरा-वीस गुंठे. वीज नाही, पॉलिमर (गाळ घट्ट करायला घालतात ते रसायन) नाही, सुटे भाग नाहीत. एका शिफ्टला एकच ऑपरेटर असलेल्या केंद्राला हेच झेपतं.

गाळातलं पाणी काढून टाकणारं मशीन, म्हणजे फिल्टर प्रेस, सेंट्रिफ्यूज किंवा स्क्रू प्रेस घेतला तर जागा थोडक्यात भागते आणि गाळ भरपावसातही 20-25 टक्के घट्ट होऊन निघतो. पण पॉलिमरचा डोस रोज जुळवावा लागतो, कापड आणि बेअरिंग बदलावे लागतात, आणि जुलैच्या 700 किलोंसाठी घेतलेलं मशीन उन्हाळ्यात 60 किलोंवर बसून राहतं. डोंगरउतारावरचं किंवा घरांनी वेढलेलं केंद्र असेल, वीस गुंठे खरोखरच मिळत नसतील, तरच हा मार्ग. घेतलाच तर निविदेत पाच वर्षांची देखभाल त्याच ठेकेदाराच्या गळ्यात घाला.

ड्रेनेजमध्ये सोडण्याबद्दल थोडक्यात: गावात भुयारी गटार आणि चालू मैलापाणी प्रकल्प दोन्ही असतील, तरच विचार करा. पातळ बॅकवॉश हळूहळू सोडला तर चालतो. क्लॅरिफायरचा गाळ नको. ती माती पाइपात बसते आणि चोकअप काढणाऱ्या माणसांच्या वाट्याला येते.

वाळलेला गाळ शेतकऱ्यांना द्यावा का?

हा प्रश्न पुरंदर-भोरकडे हमखास येतो, कारण 2017 पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे धरणाचा गाळ म्हणजे सोनं हे डोक्यात बसलंय. धरणाचा गाळ आणि फिल्टर प्लांटचा गाळ वेगळे. प्लांटच्या गाळातलं ॲल्युमिनियम स्फुरद घट्ट बांधून ठेवतं आणि ते पिकाला मिळत नाही. अंजीर-सीताफळाच्या बागेत तो टाकू नये. खड्डे भरायला, कचरा डेपोवर मातीचा थर द्यायला किंवा तपासणी करून वीटभट्टीला तो चालतो.

अट कशी लिहिलेली हवी

मंडळाच्या संमतीपत्रात नुसता '100 मिलिग्रॅम' हा आकडा असणं आणि 'टाकी आणि तळी बांधून चालू ठेवा' अशी अट असणं, यात फरक पडतो. आकडा न्याय्य आहे, पण महिन्यातून एकदा, तेही बॅकवॉश संपताना घेतलेला नमुना नेहमीच पास होतो. बांधकामाची अट पाहणीत लगेच दिसते, पण गाळ न काढता भरून वाहणारं तळंही कागदावर 'बांधलेलं' असतं. छोट्या गावासाठी मला दोन्हींची सांगड हवी: बांधकाम ठरलेलं, वर्षाला किती ट्रॉली गाळ निघाला आणि कुठे गेला याची नोंद, आणि बाहेर पाणी सोडत असाल तर बॅकवॉश सुरू झाल्यापासून संपेपर्यंत थोडं थोडं गोळा केलेला मिश्र नमुना. जुलै-ऑगस्टमधला एक नमुना सक्तीचा असावा.

मंडळाने हे मागितलं नाही तरी नगरपरिषदेच्या ठरावात ते लिहिता येतं. प्रयोगशाळेची वाटही बघायला नको. एक लिटरच्या काचेच्या मोजपात्रात बाहेर जाणारं पाणी भरा, अर्धा तास हलवू नका आणि तळाशी किती मिलिलिटर गाळ बसला ते ऑपरेटरच्या रजिस्टरमध्ये रोज लिहायला लावा. प्रस्तावावर सही करण्याआधी यंदाच्या पावसाळ्यातल्या तेवढ्या नोंदी मागवून घ्या. तळं किती गुंठ्यांचं लागेल याचा अंदाज माझ्या वरच्या हिशेबापेक्षा त्यातून चांगला येईल.