जिवतीच्या कागदावरचा कालिया
श्रावणासाठी यंदा पूजासाहित्याच्या दुकानातून वीस रुपयांना घेतलेल्या जिवतीच्या कागदावर नरसिंह, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती नेहमीसारखेच असले, तरी कालियामर्दनाचा चौकोन मात्र थांबून पाहावा असा आहे. भागवताच्या दशम स्कंधात कालियाला एकशेएक मस्तके आहेत, येथे पाचच फणा असल्या (एवढ्याशा जागेत आणखी कोठून मावणार?), तरी हात जोडून पतीसाठी अभय मागणाऱ्या, कमरेखाली सर्परूप असलेल्या नागपत्नी चित्रकाराने विसरलेल्या नाहीत. गरुडाच्या भयाने रमणक द्वीप सोडून यमुनेत आलेला हा नाग त्यामुळे निव्वळ खलनायक वाटत नाही. छपाईत निळा रंग रेषेबाहेर सरकला आहे आणि कागदही फार पातळ आहे.