अव्हिवेटर : साडेनऊ जीबीचं मूत्रपिंड एका लिंकवर

गेल्या वर्षापर्यंत आमच्या लॅबमध्ये मोठी इमेज कुणाला दाखवायची म्हणजे हार्डडिस्क पिशवीत घालून स्कूटरवरून न्यायची. माझा विषय उंदराचं मूत्रपिंड. मायक्रोस्कोपखाली टिपलेल्या अख्ख्या सेक्शनची (पातळ कापाची) एक इमेज म्हणजे ४०,००० बाय ३०,००० पिक्सेल, १६ बिट (पिक्सेलमागे दोन बाइट), चार चॅनेल (एकेका रंगाचा एकेक थर). गुणाकार केला की ९.६ जीबी. माझ्या गाइड सरांच्या लॅपटॉपवर ती फाइल उघडायला घेतली की पंखा घरघरायला लागायचा आणि सर चहाला निघून जायचे.

मग अव्हिवेटर हाती लागलं. हार्वर्डच्या गेलनबोर्ग लॅबने केलेल्या ‘व्हिव’ या कोड लायब्ररीवर उभं असलेलं, अवाढव्य इमेज ब्राउझरमध्येच दाखवणारं हे वेबपान. फुकट, ओपन सोर्स, इन्स्टॉल करायची भानगड नाही. पानावर इमेजचा पत्ता द्यायचा, की मूत्रपिंड समोर. ९.६ जीबी उतरवून घेतं का? मुळीच नाही. फाइल आधीच पिरॅमिडसारखी रचलेली असते. तळाशी पूर्ण आकार, वरचा प्रत्येक थर लांबी-रुंदीला निम्मा, आणि सगळे थर चौकोनी तुकड्यांत कापलेले. स्क्रीनवर जेवढं दिसतंय त्यालाच लागणारे तुकडे ब्राउझर मागवतो. रंग चढवण्याचं काम तुमच्याच मशीनचं ग्राफिक्स कार्ड करतं, त्यामुळे स्लायडर ओढला की कॉन्ट्रास्ट तिथल्या तिथे बदलतो.

हे मला खरं कळलं ते सरांच्या फोनमुळे. सर डेक्कन क्वीनने मुंबईला चालले होते आणि मी लिंक पाठवली. खंडाळ्याच्या बोगद्यांत नेट गेलं. त्यांचा फोन आला, “अगं, ग्लोमेरुलस दिसतोय, पण धुक्यात.” (ग्लोमेरुलस म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी गुंडाळी.) वरचा ढोबळ थर येऊन पोचला होता, बारीक तुकडे अडकले होते. कर्जतला परत फोन : “आता पोडोसाइट दिसायला लागले.” म्हणजे त्या गाळणीवरच्या पेशी. घाटात बसून मोबाइलवर नेफ्रिनचं (पोडोसाइटमधल्या एका प्रथिनाचं) स्टेनिंग तपासणारे गाइड आधी कुणाला मिळाले असतील असं वाटत नाही. (हे सुख आहे की संकट, ते मी अजून ठरवलेलं नाही.)

आता घाम काढणारा भाग. मायक्रोस्कोपच्या कंपनीची मूळ फाइल जशीच्या तशी चालत नाही. ती आधी ओएमई-टिफ किंवा ओएमई-झार या खुल्या फॉरमॅटमध्ये करून घ्यावी लागते. मी बायोफॉर्मॅट्स-टू-रॉ आणि मग रॉ-टू-ओएमई-टिफ अशा दोन कमांड चालवते. काळ्या खिडकीत टाइप करायची सवय नसेल तर शेजारच्या बायोइन्फोवाल्याला एक मिसळ खिलवा, काम होतं. पिरॅमिडमुळे आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, पण कॉम्प्रेशन त्यातलं बरंच परत देतं. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये फाइलमध्ये नोंदलेला असेल तर खाली मापाची पट्टी आपोआप येते. ही नोंद गाळू नका. मी एकदा गाळली होती आणि लॅब मीटिंगमध्ये मूत्रपिंडाची रुंदी अंदाजाने सांगत बसले.

दुसरी अडचण फाइल ठेवायची कुठे ही. तुमच्याच कॉम्प्युटरवरची ओएमई-टिफ पानावर ओढून टाकली तर ती कुठेही अपलोड होत नाही, ब्राउझरमध्येच उघडते. पेपर छापून यायच्या आधी धास्तावलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पण लिंक द्यायची तर सर्व्हरला फाइलचा मधलाच तुकडा देता आला पाहिजे, आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या मागणीला त्याने परवानगी दिली पाहिजे. या परवानगीला कॉर्स म्हणतात. ते एक सेटिंग बदलून घ्यायला मी आमच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे तीन आठवडे खेटे घातले. नेहमीच्या ड्राइव्हची शेअर लिंक इथे कामाची नाही. पानाला पासवर्डही नाही. ज्याच्याकडे लिंक, त्याला इमेज.

शिवाय लिंकमध्ये जातो तो फक्त इमेजचा पत्ता. मी तासभर बसून जमवलेले रंग जात नाहीत. माझ्याकडे लाल असलेलं अल्फा-एसएमए (आणखी एक प्रथिन) सरांकडे भलत्याच रंगात उघडतं. वाचणाऱ्याला हाताला धरून “आधी इथे बघा, मग तिथे” असं दाखवायचं असेल तर हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्याच दुसऱ्या लॅबचं मिनर्व्हा घ्या. त्यात थांबे ठरवून प्रत्येकाशी मजकूर लिहिता येतो. मात्र कॉन्ट्रास्ट आधीच पक्का करून ठेवलेला असतो, बघणाऱ्याला तो हलवता येत नाही. आणि पेशी मोजायच्या असतील तर ब्राउझर सोडा, मुकाट क्युपाथ हे मोजणीचं सॉफ्टवेअर उघडा.

मला सर्वांत खटकतं ते हे, की अव्हिवेटरमध्ये खूण करता येत नाही. बाण नाही, गोल नाही, टीप नाही. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना मी मोठ्या कौतुकाने लिंक पाठवली. त्यांनी मन लावून अख्खा सेक्शन पाहिला, कॉर्टेक्समधली (मूत्रपिंडाच्या बाहेरच्या भागातली) एक बिघडलेली ट्यूब्यूल, म्हणजे बारीक नळी, हेरली, लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढला, त्यावर बोटाने लाल गोल ओढला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. खाली लिहिलं होतं, “ही कुठे आहे ते आता तू शोध.”