सभामंडपात हॉलिवूड : कृष्णधवल कार्टूनच्या फिरत्या खेळाचे परीक्षण

कुडाळ आणि वेंगुर्ला परिसरात गावोगावी जाऊन जुन्या कृष्णधवल कार्टूनपटांचा खेळ लावणारी एक लहानशी सेवा काही तरुणांनी सुरू केली आहे. प्रोजेक्टर, पडदा, ध्वनिक्षेपक आणि माहिती सांगणारा एक निवेदक असा सगळा सरंजाम घेऊन ही मंडळी येतात आणि शाळा, वाचनालय किंवा देवळाचा सभामंडप, जिथे जागा मिळेल तिथे साधारण दीड तासाचा कार्यक्रम करतात. आमच्या वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी आम्ही त्यांना बोलावले होते. त्यांनी निवडलेला विषय ऐकून समितीतल्या काही जणांनी शंका घेतली होती, आणि ती रास्तच होती. १९२० आणि १९३०च्या दशकांतल्या अमेरिकन कार्टूनमध्ये त्या काळच्या नटनट्यांची जी अर्कचित्रे काढली गेली, त्यांवर हा सगळा कार्यक्रम बेतलेला आहे. ते नटच ज्यांना माहीत नाहीत, त्यांना त्यांची नक्कल पाहून हसू कसे येणार? खेळ झाल्यावर माझे उत्तर असे आहे की काही ठिकाणी हसू आले, काही ठिकाणी अजिबात आले नाही, आणि या दोहोंतला फरक कशामुळे पडला हे पाहण्यातच या कार्यक्रमाचे खरे मोल आहे.

सुरुवात १९२३च्या ‘फेलिक्स इन हॉलिवूड’ या मूकपटाने होते. पॅट सलिव्हनच्या स्टुडिओत ऑटो मेसमरने घडवलेला फेलिक्स हा काळा बोका त्या काळी मोठमोठ्या नटांइतकाच लोकप्रिय होता. या कार्टूनमध्ये तो काम शोधत हॉलिवूडच्या स्टुडिओत पोहोचतो आणि आपले कसब दाखवण्यासाठी स्वतःच्या शेपटीची छडी करून चार्ली चॅप्लिनची चाल चालून दाखवतो. इतक्यात खुद्द चॅप्लिन तिथे येतो आणि माझी कला चोरतोस काय, म्हणून त्याच्यावर डाफरतो. निवेदकाने इथे एक नेमकी गोष्ट सांगितली: फेलिक्सच्या आधी मेसमरने त्याच स्टुडिओत चॅप्लिनवरच कार्टून केली होती, त्यामुळे ती चाल त्याच्या हातात पक्की बसलेली होती. पडद्यावर ते दिसतेच. पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, वळताना एका पायावर घेतलेली गिरकी, खांद्यांना दिलेला बारीकसा झटका, हे सगळे चार काळ्या रेषांत उतरले आहे. आमच्याकडच्या पोरांनी चॅप्लिन मोबाइलवर पाहिलेला असतो, त्यामुळे बोक्याने पहिले पाऊल टाकताच सभामंडपात हशा पिकला. त्याच कार्टूनमध्ये नट डग्लस फेअरबँक्स आणि दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल हेही येतात. त्यांच्या वेळी मात्र कोणी हसले नाही.

या पहिल्याच कार्टूनच्या वेळी सेवेतली सर्वांत मोठी त्रुटी लक्षात आली, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या काळच्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असते, रुंदी उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपटीच्या मध्ये. आजचे प्रोजेक्टर मात्र रुंद चित्रासाठी लावलेले असतात. यंत्राने चित्र आपोआप ताणून पूर्ण पडदा भरला, की उंची तितकीच राहून रुंदी जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. एखाद्या निसर्गदृश्यात हे कदाचित खपून जाईल, पण अर्कचित्रात ते चालत नाही, कारण अर्कचित्राचा सगळा जीव प्रमाणात असतो. कोणाचे नाक किती लांब, हनुवटी किती पुढे, खांदे किती अरुंद, हे चित्रकाराने तोलून ठरवलेले असते. ताणलेल्या चित्रात सडपातळ चॅप्लिन भरल्या अंगाचा दिसू लागला आणि त्याची ढगळ विजार व आखूड कोट यांतला विरोधच नाहीसा झाला. आम्ही सांगितल्यावर त्या मुलांनी लगेच चौकट दुरुस्त केली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि चित्र जागेवर बसले. तथापि हे काम खेळ सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवे होते.

बोलपटांच्या भागाची सुरुवात त्यांनी १९२८च्या ‘स्टीमबोट विली’ने केली. त्यात कोणाचे अर्कचित्र नाही, पण चित्र आणि आवाज यांचा ताल जुळल्यावर कार्टूनची भाषा कशी पालटली हे कळण्यासाठी ती निवड योग्य आहे. त्यानंतरच्या ‘डिझी डिशेस’विषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. फ्लायशर स्टुडिओच्या १९३०च्या या कार्टूनमध्ये बेटी बूप पहिल्यांदा दिसते, आणि तेव्हा तिला चक्क कुत्र्याचे लांब कान आहेत. तिचे गाणे, लाडिक स्वर आणि ओठांचा चंबू हे हेलन केन या गायिकेवरून घेतलेले होते. पुढे बेटी इतकी गाजली की १९३२मध्ये हेलन केनने अडीच लाख डॉलरच्या भरपाईसाठी दावा लावला. १९३४मध्ये ती हरली. ही गाण्याची ढब तिच्याही आधी बेबी एस्थर ही कृष्णवर्णीय बालकलाकार रंगमंचावर सादर करत असे, अशी साक्ष कोर्टात झाली होती. नक्कल कोणाची आणि मूळ कोणाचे, हा प्रश्न एका सहासात मिनिटांच्या कार्टूनमधून थेट न्यायालयात गेला, ही हकिकत निवेदकाने फार चांगली सांगितली. मागच्या रांगेतल्या दशावतारातल्या एका जुन्या नटाने त्यावर मान डोलावली. कोणाची लकब कोणी उचलली यावरून होणारे रुसवेफुगवे आपल्याकडच्या नाटकमंडळींना नवे नाहीत.

कार्यक्रमाचा मध्यबिंदू म्हणजे डिस्नेचे १९३३चे ‘मिकीज गाला प्रीमियर’. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात मिकी माऊसच्या नव्या चित्रपटाचा पहिला खेळ आहे आणि झाडून सगळे तारे त्याला हजर आहेत, एवढीच कथा. या ताऱ्यांची रेखाटने करण्यासाठी डिस्नेने ज्यो ग्रँट या वृत्तपत्रीय अर्कचित्रकाराला बोलावले होते, आणि वर्तमानपत्रासाठी काढणाऱ्या माणसाची काटकसर त्या रेषांत पावलोपावली जाणवते. दरवाजातून एकामागून एक माणसे येत राहतात: लॉरेल आणि हार्डी, मार्क्स बंधू, बस्टर कीटन, मोरीस शेव्हालिए, जोन क्रॉफर्ड. लॉरेल-हार्डी दिसताच पुढच्या रांगेतले एक आजोबा ‘अरे, ह्ये तर जाड्या-रड्या!’ असे मोठ्याने म्हणाले आणि सगळा मंडप हसला. बॅरिमोर ही नटभावंडे येतात ती रासपुतिन या रशियन साधूवरच्या आपल्या त्याच सुमाराच्या चित्रपटातल्या पोशाखात. हा विनोद आज निवेदकाशिवाय कळणे शक्यच नाही, आणि कळल्यावरही तो फारसा हसवत नाही.

मला सर्वाधिक आवडलेले दृश्य मात्र थिएटरच्या आतले आहे. पडद्यावर मिकीचा खेळ चालू असताना प्रेक्षकांतले तारे हसतात, आणि चित्रकाराने प्रत्येकाचे हसणे निराळे काढले आहे. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि मिस्टर हाइड ही भीतीच्या चित्रपटांतली तीन पात्रे शेजारीशेजारी बसून पोरांसारखी खिदळतात. आमच्याकडच्या प्रेक्षकांना यांतले एकही नाव सांगावे लागले नाही. सुळे, कपाळावरच्या शिवणी, बटबटीत डोळे अशा भेसूर चेहऱ्यांवर निरागस हसू पसरलेले पाहून लहान मुलेसुद्धा हसत होती. शेवटी ग्रेटा गार्बो ही नटी पडद्याजवळ येऊन मिकीवर चुंबनांचा वर्षाव करते आणि तो जागा होतो, तेव्हा त्याचा कुत्रा प्लूटो त्याचे तोंड चाटत असतो. गार्बो कोण हे ठाऊक नसलेल्यांनाही हा शेवट पुरेपूर पोहोचला.

याच ठिकाणी निवेदनाविषयीची माझी तक्रार नोंदवतो. या कार्टूनमध्ये तारे इतक्या झपाट्याने येतात की प्रत्येकाचे नाव सांगू पाहणारा निवेदक सतत बोलत राहतो आणि संगीत त्याच्या आवाजाखाली बुडते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कलावंत आधी चित्र लोकांसमोर नीट धरतात आणि मग त्यावर गातात, बोलतात. एका चित्राला किती वेळ द्यायचा हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. ही परंपरा इतकी जवळ असताना या तरुणांनी तिच्यापासून हे शिकून घ्यावे असे मनापासून वाटते. खेळापूर्वी खऱ्या नटांची छायाचित्रे पडद्यावर दाखवून दहा मिनिटांत ओळख करून द्यावी आणि कार्टून चालू असताना गप्प राहावे. बेटी बूपच्या वेळी त्यांनी नेमके हेच केले होते, म्हणून तो भाग उत्तम जमला.

शेवटून दुसरे ‘मिनी द मूचर’ हे १९३२चे कार्टून लागले आणि माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमाचा कळस तोच होता. हेही फ्लायशर स्टुडिओचे. आरंभी कॅब कॅलोवे हा गायक आपल्या वाद्यवृंदासमोर प्रत्यक्ष दिसतो, हलत्या पावलांनी, लवचिक अंगाने नाचत. मग कार्टून सुरू होते. बेटी आईबापांशी भांडून घर सोडते आणि एका गुहेत शिरते. तिथे एक भुताटकीचा वॉलरस प्रकट होतो, म्हणजे मोठ्या सुळ्यांचा तो समुद्रातला प्राणी, आणि कॅलोवेच्या आवाजात गातगात नाचू लागतो. यासाठी रोटोस्कोप हे तंत्र वापरले आहे. मॅक्स फ्लायशरला १९१७मध्ये त्याचे पेटंट मिळाले होते. माणसाच्या हालचालींचे चित्रीकरण करायचे, त्यातली एकेक चौकट काचेवर पाडायची आणि चित्रकाराने त्यावर कागद ठेवून ती गिरवायची, असे ते काम असते. वॉलरसचा चेहरा कॅलोवेसारखा मुळीच नाही, तरीही पहिल्या पावलालाच तो कोण हे सगळ्यांनी ओळखले, कारण त्याचे पाय तेच होते. चेहरा आणि पोशाख यांवर उभे असलेले विनोद त्या काळाबरोबर गेले. चाल, लकब आणि आवाज यांवर उभे असलेले आजही कोकणातल्या एका देवळात हसवतात. शिमग्यात सोंग काढणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तोंडाला रंग फासला तरी गावच्या माणसाची चाल उचलल्याशिवाय सोंग उभे राहत नाही, हे त्याला माहीत असते.

एका बाबतीत आयोजकांनी अधिक सावध व्हायला हवे. वॉर्नर स्टुडिओसाठी बनलेल्या १९३३च्या ‘बॉस्कोज पिक्चर शो’मध्ये मार्क्स बंधूंबरोबर हिटलरचेही अर्कचित्र आहे, म्हणून त्यांनी ते निवडले असावे. पण बॉस्को हे पात्रच मुळात कृष्णवर्णीय मुलाच्या विडंबनातून घडवलेले आहे. नामवंताची खोड काढणे आणि एका संपूर्ण समाजाचा चेहरा हास्यास्पद करणे या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. समोर शाळकरी मुले बसलेली असताना हा फरक दोन वाक्यांत सांगायलाच हवा होता. तसे काही न बोलता ते कार्टून लावले गेले, हे मला खटकले.

अखेरचे ‘पोर्कीज रोड रेस’ (१९३७) फ्रँक टॅशलिनने दिग्दर्शित केलेले आहे. नटनट्या मोटारींच्या शर्यतीत उतरतात आणि भयपटांतला नट बोरिस कार्लॉफ याच्या नावाची मोडतोड करून बनवलेला खलनायक त्यांच्या वाटेत आडवा येतो. वेग उत्तम, पण ओळखीचे चेहरे कमी. रात्रीच्या त्या वेळी मुलेही पेंगू लागली होती.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. पडदा मोठा आणि स्वच्छ आहे, आवाज शंभरेक माणसांना पुरेल इतका आहे, मात्र पत्र्याच्या छपराखाली तो घुमतो, म्हणून कौलारू किंवा मोकळी जागा निवडावी. मानधन लहान वाचनालयाला झेपण्यासारखे आहे. हक्कांचे काय, असे आमच्या समितीने विचारले असता त्यांनी नीट उत्तर दिले: आपल्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे ही सारी कार्टून केव्हाच खुली झालेली आहेत. जत्रांच्या दिवसांत तारीख मिळणे कठीण जाते, तेव्हा बोलावणे आधीच पाठवावे. ते पाठवताना चित्राची चौकट न ताणण्याची अट लेखी घालावी, ‘मिनी द मूचर’ मध्यंतरापूर्वी, मुले जागी असताना लावायला सांगावे, आणि जमल्यास अब आयवर्क्स या कार्टूनकाराचे ‘सोडा स्क्वर्ट’ हे १९३३चे कार्टून मागावे. त्यात एक बेडूक शीतपेयांचे दुकान उघडतो आणि गिऱ्हाईक म्हणून येतात ते पुन्हा जाड्या-रड्या.