जत्रेतली ड्रॅगन ट्रेन: दांडा कोणाला बसतो, कोणाला नाही

यंदा तालुक्याच्या जत्रेत आलेल्या ड्रॅगन ट्रेनचा रूळ चांगला आहे, झटके कमी बसतात. अडचण सीटची आहे. दोघांच्या बाकाला मांडीवर ओढून घ्यायचा दांडा एकच, तो जाड मांडीला टेकला की तिथंच थांबतो. शेजारच्या लेकराच्या मांडीवर चार बोटं फट राहते अन् उतारावर लेकरू बाकावरून उचललं जातं. म्हणून बाप-लेक एका बाकावर नको, सारख्या बांध्याचे दोघं बसा. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो या रोलर कोस्टरला खांद्यावरून येणारा दांडा प्रत्येकाला वेगळा असतो, तिथं हा प्रश्नच येत नाही.

आधी कंबर पार मागं सरकवा, मग दांडा ओढा. तो पोटावर नाही, जांघेजवळ मांडीवर टेकला पाहिजे. दांड्याचा कट-कट आवाज थांबला की दोन्ही हातांनी वर ढकलून पाहा. सुटला तर उतरा. पोट मोठं असलं की दांडा मधेच अडतो, खटका लागत नाही. चालवणारा वरून दाबतो, ते चालवून घेऊ नका.

उंच माणसाचे गुडघे पुढच्या पत्र्याला घासतात. पायरी उंच आहे, धरायला काहीच नाही. चाकं उघडी आहेत. पदर खोचा, दुपट्टा खालीच ठेवा. तिकिटाआधी रिकाम्या डब्यात बसून पाहू देतात, तसं मागून घ्या.