फौजदारी प्रश्नाचं उत्तर: निबंध की आयरॅक?

भर बाजारात अपमान झालेला माणूस घरी जातो, तीन तासांनी कोयता घेऊन परततो आणि अपमान करणाऱ्याला ठार मारतो. गुन्हा कोणता? एलएलबीच्या पेपरात असे प्रश्न येतातच.

निबंधाच्या वळणाने लिहिणारा सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक पानभर मांडतो आणि शेवटच्या ओळीत ‘म्हणून आरोपी दोषी’ असं लिहून मोकळा होतो. कोयता आणि ते तीन तास उत्तरात येतच नाहीत. ‘फरक स्पष्ट करा’ला ही पद्धत चालते, इथे नाही.

आयरॅक (IRAC) म्हणजे उत्तर चार पायऱ्यांत मांडायची पद्धत. तिचा क्रम असा: मुद्दा, नियम, वापर, निष्कर्ष. मुद्दा, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा अपवाद मिळेल का, म्हणजे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरेल का? नियम, भारतीय न्याय संहिता, कलम 101, अपवाद 1. गुण खरे मिळतात ते वापरात. डोकं थंड व्हायला वेळ होता का? नानावटी खटल्यात (1961) सर्वोच्च न्यायालयाने हेच तपासलं. पत्नीने विवाहबाह्य संबंधांची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी नानावटींनी कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि तिच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. मधे सुमारे तीन तास गेले. अपवाद नाकारला गेला. आपला आरोपीही घरी जाऊन हत्यार घेऊन आला, म्हणून त्यालाही तो मिळणं कठीण.

त्याने तिथल्याच नारळवाल्याचा कोयता उचलून तत्क्षणी वार केला असता तर? नियम तोच, पण वापराचा परिच्छेद पूर्ण बदलतो. मग अपमान ‘गंभीर’ होता का, यावर लिहावं लागतं. दोन आरोपी असतील तर प्रत्येकासाठी आयरॅक वेगळं लिहा. एकाचा हेतू दुसऱ्याच्या माथी आपोआप मारता येत नाही.